पपई नर निघाली म्हणून खिळा ठोकायचा का?

पत्र असं आहे:

"ताई नमस्कार. एका गोल, खूप गोड पपईच्या बिया लावल्या होत्या, त्यातली दोन झाडं जगली आणि चांगली डोक्याच्या वर गेली. पहिल्या झाडाला आधी फुलं आली, लांब लोंबणाऱ्या दांड्यांवर बारीक बारीक फुलांचे घोस, फळ मात्र एकही नाही. ओळखीतल्यांनी सांगितलं की हे नर आहे, घोस कापून टाक आणि खोडात लोखंडी खिळा ठोक म्हणजे मादी होईल. दोन्ही केलं. आता दुसऱ्या झाडाला खोडालगत मोठी फुलं येतायत पण ती पिवळी पडून गळतायत. कंटाळून त्याच पपईच्या ठेवलेल्या बिया परत ट्रेमध्ये पेरल्या. उगवल्या छान, पण रोपं उंच, बारीक झाली आणि आठवड्याभरात निम्मी आडवी पडली. मी तर दिवसातून दोनदा पाणी घालते. रोप लहान असतानाच नर-मादी ओळखायची काही खूण असते का? आणि उरलेल्या रोपांना युरिया देऊ का?"

तर सगळ्यात आधी एक करा, ते नर झाड आहे तिथेच राहू द्या, काढून टाकायचा विचार असेल तर थांबा, आणि त्याचे नवीन घोस येतील ते अजिबात कापू नका. कारण दुसऱ्या झाडाची फुलं गळतायत ना, त्याचं कारण बहुतेक तुम्ही कापलेले ते घोसच आहेत. तुम्ही दोन वेगवेगळ्या तक्रारी लिहिल्यात पण ती एकच तक्रार आहे. दुसरं झाड मादी आहे, त्याला परागकण लागतात, आणि ते देणारं जे एकमेव झाड जवळ होतं त्याची फुलं तुम्ही उडवलीत. यात तुमची काही चूक नाही हो, सांगणारे इतक्या खात्रीने सांगतात की कोणीही कात्री हातात घेईल.

आता नीट समजून घेऊ. पपईत नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं, आणि तिसरं एक उभयलिंगी झाड, ज्याच्या एकाच फुलात दोन्ही असतं. बहुतेक लोकांना पहिली दोनच माहीत असतात आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. कुठलं झाड काय निघणार हे बी फळात तयार होतानाच ठरलेलं असतं, एक्स आणि वाय क्रोमोसोमवर, माणसात असतं साधारण तसंच, फक्त पपईत वायचे दोन प्रकार आहेत, एक नर बनवणारा आणि एक उभयलिंगी बनवणारा. दोन एक्स आले की मादी. आणि दोन वाय एकत्र आले, कुठलेही, तर ते बी जगतच नाही. हे एवढं लक्षात ठेवा कारण पुढचा सगळा हिशोब याच्यावर आहे.

यावरून तुमच्या पपईचे आईबाप कोण होते ते काढता येतं. तुम्ही म्हणता फळ गोल होतं, म्हणजे बहुधा ते मादी झाडाचं फळ. मादीची फळं गोल किंवा अंड्यासारखी, आत पोकळी मोठी, आणि उभयलिंगी झाडाची लांबट, गराची जाडी जास्त. आणि तुमचं पहिलं झाड चक्क नर निघालंय म्हणजे त्या फळाला परागकण नर झाडाकडून आले होते हे नक्की, कारण उभयलिंगी झाडाच्या परागातून नर कधीच येत नाही. आई मादी, बाप नर, मग पोरं अर्धी नर, अर्धी मादी. तुम्ही ट्रेमध्ये पेरलेल्या बिया त्याच फळाच्या आहेत म्हणजे तिथेही अंदाज हाच धरायचा. उलट एखाद्या उभयलिंगी झाडाची फुलं स्वतःच्याच परागाने फळली असतील तर त्या बियांतून तीनात दोन उभयलिंगी आणि एक मादी असं प्रमाण येतं, नर शून्य. म्हणून ज्यांच्याकडे एक-दोनच झाडांना जागा आहे त्यांना मी नेहमी सांगते की सोलो गटातल्या किंवा रेड लेडीसारख्या जातीचं बी घ्या, त्यात नराची भानगडच नाही. तुमच्याकडे नर आधीच उभा आहे त्यामुळे तुम्हाला आता त्याची गरज नाही, उलट तुम्ही फायद्यात आहात.

फुलं कशी ओळखायची ते सविस्तर लिहिते कारण फोटोवरून विचारणाऱ्या निम्म्या लोकांचा घोळ इथेच होतो. नराचं अगदी सोपं आहे, पानाच्या बेचक्यातून हातभर किंवा त्याहून लांब दांडी निघते, तिला फाटे फुटतात, आणि त्यावर झुबक्याझुबक्याने सडपातळ नळीसारखी फुलं. खोडाला लागून एकदम जाडजूड फूल असेल तर ते नर नाही. पण मग मादी की उभयलिंगी? दोन्ही खोडालगतच येतात, आखूड देठावर, एकटी किंवा दोन-तीन मिळून. इथे एक कळी, उमलायला एखादा दिवस राहिलेली, तोडायची आणि बोटाने पाकळ्या बाजूला करून आत बघायचं. मादीची कळी खाली बुडाशी गोल फुगलेली आणि टोकाला एकदम निमुळती असते, पाकळ्या पाच आणि त्या जवळजवळ बुडापर्यंत सुट्या, एकेक ओढली की सहज वेगळी निघते. आत मधोमध हिरवट पांढरा गोल फुगवटा, तेच पुढे फळ होणार, आणि त्याच्या डोक्यावर झालरीसारखे पाच फाटे. बास, बाकी काही नाही, पिवळी पूड कुठेच नाही. उभयलिंगी कळी सरळसोट लांबट दिसते, पाकळ्या खालच्या बाजूला एकमेकींना चिकटून नळी झालेली असते त्यामुळे त्या सुट्या निघत नाहीत, फाटतात, आणि आतला फुगवटा लांबुळका, त्याच्याभोवती पिवळ्या डोक्यांचे पुंकेसर. ही पिवळी डोकी आहेत की नाहीत यावरच निकाल. एक कळी गेली तरी चालेल, नाहीतरी तुमची गळतायतच.

कळी तोडताना झाडाचा पांढरा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका आणि हाताला लागला तर लगेच धुवा. काहींच्या त्वचेला तो चांगलाच झोंबतो, पुरळ येतं.

मी तुमचं दुसरं झाड मादी धरून पुढे सांगते, कारण 'मोठी फुलं, खोडालगत, पिवळी पडून गळतात' हे वर्णन बिनफळलेल्या मादीचंच आहे, शिवाय आईबापांचा हिशोबही तेच सांगतो. नराला नवीन घोस आले की हाताने परागीकरण करून बघा, फार सोपं आहे. सकाळी नुकती उमललेली दोन-चार नर फुलं तोडा, पाकळ्या सोलून टाका म्हणजे आतले पिवळे पुंकेसर उघडे पडतात, बोटावर टेकवून पिवळी पूड लागते का ते बघा, लागली तर फूल ताजं आहे. मग मादी फुलाच्या मधल्या झालरीवर ते सगळीकडून हलकेच फिरवा, घासू नका, पाचही फाट्यांना पूड लागली पाहिजे. उमललेलं फूल आणि उमलायच्या बेतात असलेलं, दोन्ही चालतं. देठाला रंगीत दोरा सैल बांधून ठेवा म्हणजे कुठल्या फुलाला केलं ते कळेल. पुढच्या काही दिवसात पाकळ्या सुकून झडतील, त्याला घाबरू नका, तो हिरवा फुगवटा राहिला आणि देठ हिरवा राहिला तर जमलं. देठच पिवळा पडायला लागला तर ते फूल गळणार. जमलेल्या फळाला पिकायला उबदार हवेत साधारण पाच-सहा महिने लागतात, हवा गार असेल तर जास्त.

रोज हे करावंच लागतं असं नाही, घोस नीट फुलायला लागले की वारा आणि संध्याकाळी येणारे हॉक मॉथसारखे मोठे पतंग हे काम करतात. नर फुलांना संध्याकाळी मस्त वास सुटतो तो त्यांच्यासाठीच. फक्त सुरुवातीला, घोस थोडे असताना, हाताने मदत केलेली बरी. आणि एक नर दहा मादी झाडांना सहज पुरतो, त्यामुळे पुढे अजून नर निघाले तर ते मात्र काढून टाकायला हरकत नाही.

एवढं करूनही फुलं गळत राहिली तर मग पाण्याकडे बघा. माती खडखडीत कोरडी होऊन मग एकदम भरपूर पाणी, किंवा बुंध्याशी पाणी साचून राहणं, किंवा नत्र जास्त होऊन नुसती पानंच माजणं, या तिन्हीने फुलं गळतात. कडक ऊन आणि थंडीच्या टोकालाही गळतात, त्याला इलाज नाही, हवामान बदललं की थांबतं.

आता खिळा. खिळा ठोकून, शेंडा छाटून, खोडाला चीर देऊन, मुळाशी काहीबाही पुरून नराची मादी होत नाही. क्रोमोसोम खिळ्याने बदलत नाहीत. मग लोक शपथेवर का सांगतात की आमच्याकडे झालं? कारण त्यांनी जे बघितलं ते खोटं नाही, फक्त कारण चुकीचं लावलंय. पपईच्या नर झाडाला कधी कधी, विशेषतः हवा बदलली, गारवा आला की, त्या लोंबत्या दांड्यांच्या टोकाला एखाद-दुसरं फूल उभयलिंगी येतं आणि त्याला फळही धरतं, लांब दांडीवर लटकलेली छोटी पपई तुम्हीही कुठे पाहिली असेल. हे आपोआप होतं, खिळा नसलेल्या झाडालाही होतं, आणि पुढच्या बहराला परत सगळे नर घोस. पण खिळा ठोकल्यावर महिन्याभराने असं फळ दिसलं की श्रेय खिळ्याला जातं. ज्या झाडांना ठोकून काहीच झालं नाही त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. माझा या सल्ल्यावर राग आहे तो अंधश्रद्धेपेक्षा वेगळ्या कारणाने, पपईचं खोड मऊ आणि आतून पोकळ असतं, जखम झाली की तिथून कुज आत शिरते आणि चांगलं झाड वर्षभरात बसतं. शेंडा छाटला तर त्या पोकळीत पावसाचं पाणी भरतं, ते अजून वाईट. आणि शेंडा छाटल्यावर जे नवे फुटवे येतात तेही त्याच लिंगाचे असतात.

ठोकलेला खिळा आता पक्का बसला असेल तर पक्कड घेऊन झटापट करू नका, मऊ खोड आणखी फाटेल. सहज निघाला तर काढा, नाहीतर तसाच राहू द्या. भोवतालची साल काळी, ओलसर होतेय का, दाबली तर बोट आत जातं का, एवढं दर आठवड्याला बघा आणि पाणी घालताना तिथे उडवू नका.

उभयलिंगी झाडांचं एक जाता जाता सांगते, म्हणजे पुढे कधी लावलंत तर घाबरणार नाही. मादी झाड आयुष्यभर मादीच राहतं, पण उभयलिंगी झाड हवामानाप्रमाणे वागतं. खूप उष्णता, पाण्याचा ताण असला की त्याची फुलं नराकडे झुकतात, फळ धरत नाही, लोक म्हणतात झाड वांझ झालं. आणि गारठ्यात उलट होतं, पुंकेसर फळालाच चिकटून वाढतात आणि वेडीवाकडी, घड्या पडलेली फळं येतात. दोन्ही वेळा झाड ठेवा, ऋतू बदलला की मार्गावर येतं.

रोप लहान असताना ओळखायची खूण, हा तुमचा पुढचा प्रश्न. नाही, तशी खूण नाही. काळी बी नर आणि भुरकट बी मादी, बुडणारी नर, तरंगणारी मादी, सरळ सोटमूळ असेल तर नर आणि फाटे असतील तर मादी, पानाच्या काप्यांची संख्या, देठाचा रंग, हे सगळं मी ऐकलेलं आहे आणि यातल्या एकावरही रोप काढून टाकू नका. तरंगणारी बी बहुतेक वेळा पोकळ असते, बाकी तिचा काही अर्थ नाही. प्रयोगशाळेत पानाच्या तुकड्यावरून डीएनए चाचणी करून कोवळ्या रोपाचं लिंग सांगता येतं, ते खरं आहे, पण घरच्या चार झाडांसाठी तो उपद्व्याप कोण करणार. फूल येईपर्यंत थांबायचं, म्हणजे पेरल्यापासून उबदार हवेत चार ते सहा महिने. नर झाडं बहुधा आधी फुलतात, तुमच्याकडेही तसंच झालं, म्हणून पहिला घोस बघून निराश व्हायचं नसतं, मागचं झाड अजून बोललेलं नसतं.

म्हणून घरी पपई लावायची तर एका खड्ड्यात एकच रोप लावूच नका, तीन किंवा चार लावा, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. तुमच्या बियांत अर्धे नर धरले तर तीनही नर निघायची शक्यता आठात एक, चार लावली तर सोळात एक. फुलं आली की एक मादी ठेवायची आणि बाकीची जमिनीलगत धारदार सुरीने कापायची. उपटायची नाहीत, मुळं एकमेकांत गुंतलेली असतात आणि ठेवलेल्या झाडालाच इजा होते. मला माहितीये, हाताने वाढवलेलं डोक्याएवढं झाड कापताना जीव तुटतो, पण चारही ठेवलीत तर एकही नीट फळणार नाही. आणि मधल्या काळात 'हे जास्त उंच म्हणजे नर असणार' म्हणून काढू नका, सगळी शेवटपर्यंत ठेवा, फक्त रोगट असेल तेवढं काढा. कुंडीत लावणार असाल तर मात्र एका कुंडीत एकच रोप, कुंडी निदान चाळीस-पन्नास लिटरची, आणि अशा दोन-तीन.

आता ट्रेमधली रोपं, आणि हे खरं तर तुमचं आजचं सगळ्यात तातडीचं काम आहे, त्यामुळे लवकर बघा. आडवी पडलेली रोपं तीन-चार वेगवेगळ्या कारणांनी पडतात आणि कारण मातीच्या रेषेशी दिसतं. एक पडलेलं रोप हातात घ्या, उजेडात धरा आणि जिथे खोड मातीतून बाहेर येतं ती जागा बघा. तिथे ते पाण्याने भिजल्यासारखं, तपकिरी, आणि दोऱ्याएवढं बारीक झालेलं असेल, वरची पानं मात्र अजून हिरवी टवटवीत, तर ती मर, डॅम्पिंग ऑफ म्हणतात ती. मान हिरवी, कडक असेल आणि रोप नुसतं लांबून स्वतःच्या वजनाने झुकलं असेल तर प्रकाश कमी पडलाय. मान सरळ कापल्यासारखी असेल तर अळी नाहीतर गोगलगाय, रात्री टॉर्च घेऊन बघा. आणि पानं आधी मलूल होऊन मग रोप झुकलं, माती हाताला कोरडी, तर पाणी कमी, पण दिवसातून दोनदा पाणी घालणाऱ्यांकडे हे होत नाही.

तुमचं वर्णन वाचून मला वाटतं पहिली दोन्ही कारणं एकत्र आहेत. कमी उजेडात रोप उंच, पातळ सालीचं होतं, वर सतत ओली माती, आणि मग पिथियम, रायझोक्टोनियासारख्या बुरशींना आयतं मिळतं. पिथियमचे बीजाणू तर पाण्यात अक्षरशः पोहत एका रोपाकडून दुसऱ्याकडे जातात, म्हणून एका कोपऱ्यातून सुरू होऊन दोन दिवसात सगळा ट्रे आडवा होतो. पडलेलं रोप वाचत नाही, त्याला काडी लावून उभं करत बसू नका. पडलेली सगळी, त्यांच्या मुळाशी असलेल्या चमचाभर मातीसकट, काढून टाका. ट्रेवर प्लॅस्टिक किंवा काच झाकलेली असेल तर ती आजच काढा, झाकण फक्त उगवेपर्यंत असतं. वारा खेळेल अशा जागी ठेवा. पाणी बंद, आणि खरंच बंद, वरची बोटाच्या पेराएवढी माती कोरडी लागेपर्यंत. त्यानंतर वरून न घालता ट्रे पाण्याच्या परातीत दहा मिनिटं ठेवायचा, खालून पाणी वर चढतं, मग निथळून परत जागेवर. पाणी द्यायचं ते सकाळी, म्हणजे रात्री पृष्ठभाग कोरडा असतो. रोगाचा जोर जास्त असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइडचं द्रावण डब्यावरच्या प्रमाणात एकदा मातीत देता येईल, पण ते उभ्या रोपांना वाचवायला, पडलेल्यांना नाही, आणि पाणी कमी केल्याशिवाय त्याचाही उपयोग नाही.

उंच झालेली रोपं परत ठेंगणी होत नाहीत. काही जण सांगतील की मानेपर्यंत मातीत पुरा, टोमॅटोला करतात तसं. टोमॅटोच्या खोडाला मुळं फुटतात म्हणून तिथे चालतं, पपईची मान मातीत गेली की कुजते. आहे त्याच पातळीवर ठेवायचं, बाजूला पातळ काडी रोवून सैल दोरा, आणि उजेड वाढवायचा. खिडकीतल्या रोपांना एकदम भर उन्हात नेलंत तर पानं पांढरी पडून करपतील, तेव्हा आधी दोन-तीन दिवस सकाळचं तासभर ऊन, मग हळूहळू वाढवत आठ-दहा दिवसात सहा तासांवर न्या. ऊन मिळतच नसेल तर एलईडी ग्रो लाइट रोपांच्या डोक्यावर वीत-दीड वीत उंचीवर, रोज चौदा तास, तेही चालतं.

राहिलेल्या बिया असतील तर त्यांच्यासाठी सगळं नव्याने करा. ती माती आणि तो ट्रे तसाच परत वापरू नका, ट्रे साबणाने घासून उन्हात वाळवा, माती बागेत मोठ्या झाडांना टाका. त्याऐवजी धुतलेलं कोकोपीट, जाड वाळू आणि चाळलेलं गांडूळखत, खत पाव भागापेक्षा जास्त नको. ट्रेपेक्षा छोट्या पिशव्या बऱ्या, खाली चार-पाच भोकं पाडलेल्या, कारण पपईला मुळं हलवलेली आवडत नाहीत आणि एका पिशवीत मर आली तर बाकीच्या वाचतात. ताज्या फळातून बी काढलं तर त्यावरचं बुळबुळीत आवरण राखेत किंवा चाळणीवर चोळून काढायचं, त्यात उगवण रोखणारी द्रव्यं असतात, लोक ते तसंच पेरतात आणि महिनाभर वाट बघतात. धुवून सावलीत वाळवा, रात्रभर पाण्यात भिजवा, सेंटिमीटरभर खोल पेरा, एका पिशवीत दोन-तीन. पंचवीस ते तीस अंश तापमानात दोन ते चार आठवडे लागतात, आणि सगळ्या एकदम उगवत नाहीत, एक आज तर एक दहा दिवसांनी, तेव्हा उकरून बघू नका.

रोप वीतभर झालं, म्हणजे साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, की जागेवर लावायचं. पिशवी कापून मातीचा गोळा न फोडता, संध्याकाळी, आणि जमिनीपेक्षा उंच केलेल्या मातीच्या ढिगावर. हा उंचवटा महत्त्वाचा आहे, पपईच्या मुळांना हवा लागते, बुंध्याशी दोन-तीन दिवस पाणी तुंबलं तर भलं मोठं झाडही मरतं. तुमच्या त्या मादी झाडाच्या बुंध्याशी आळं करून पाणी भरून ठेवत असाल तर ते आळं आजच मोडा आणि झाडाच्या घेराबाहेर गोल चर काढा.

युरिया नको, आत्ता तर नकोच. ज्या रोपाची मान आधीच पातळ आहे त्याला नत्र दिलं की ते अजून कोवळं, अजून उंच होतं आणि बुरशीचं काम सोपं होतं. पहिली दोन गुळगुळीत पानं पिवळी पडली तर ती बीजदलं आहेत, त्यांचं काम संपलं की ती गळतातच, ते खत मागणं नाही. काप्या असलेली चार-पाच खरी पानं आली आणि रंग फिका वाटला तर गांडूळखताचं गाळलेलं पाणी पातळ करून पंधरा दिवसांनी एकदा पुरे. नवीन पानं पिवळी पण शिरा हिरव्या असं दिसलं तर ते लोह कमी पडणं आहे, आणि ओल्याचिंब मातीत मुळं नीट चालत नसली की तेच होतं, आधी माती सुकू द्या मग काय कमी आहे ते बघू. पण नवीन पानं चुरगळलेली, हिरव्या-पिवळ्या ठिगळांची, बारीक दोऱ्यासारखी यायला लागली तर ती व्हायरसची लक्षणं आहेत, मावा तो पसरवतो, त्याला औषध नाही, असं रोप दिसल्या दिवशी काढून टाका आणि त्याच्या शेजारच्यांची पानं खालून उलटी करून मावा आहे का ते बघा.